लेकरं सांभाळून मिळतील

१८६३ साली पुण्यातल्या ब्राह्मण वस्तीत, गल्ल्यांच्या कोपऱ्यांवरच्या भिंतींना काही छापील कागद चिकटवलेले दिसू लागले. ते छापून घेतले होते जोतीराव फुल्यांनी. मजकूर थोडका होता आणि सरळ विधवांना उद्देशून होता. इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. मूल बरोबर न्यायचं की इथेच ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ठेवलंत तर त्याचा सांभाळ होईल. जागा फुल्यांच्या स्वतःच्या घराच्या आवारात, जुन्या गंज पेठेत.

शाळेच्या पुस्तकात आपण 'बालहत्या प्रतिबंधक गृह' हे नाव पाठ करतो, दोन मार्कांना लिहितो आणि विसरतो. मला मात्र तो कागद महत्त्वाचा वाटतो. एका जोडप्याने आपल्या घरात लहान मुलं सांभाळायचं ठरवलं आणि ते लोकांना कळावं म्हणून पत्रक काढलं, असं त्याच्याकडे पाहिलं की बऱ्याच गोष्टी दिसायला लागतात.

त्यामागची घटना भयंकर आहे. फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं, दिवस राहिले. औषधं घेऊन पाहिली, उपयोग झाला नाही. मूल जन्मल्यावर तिने त्याचा गळा कापला आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. खटला चालला आणि तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठवलं गेलं. फुल्यांनी खटल्यापाठोपाठ हे घर उघडलं.

आता पत्रक म्हणून तो मजकूर पुन्हा बघा. त्यात माया नाही, प्रेम नाही, 'आपल्या बाळाचं दुसरं घर' नाही. ज्या बाईसाठी तो लिहिलाय तिची भीती ओळखून दिलेली तीन आश्वासनं आहेत. कुणाला कळणार नाही. जिवाला धोका होणार नाही. मुलाचं काय करायचं ते कुणी लादणार नाही. कागद लावलाय तोही नेमक्या गल्ल्यांत. अशा कागदापाशी ती बाई भरदिवसा उभी राहून वाचणार नव्हती, आणि अनेकींना वाचताही येत नव्हतं. तो दुसऱ्या कुणी वाचायचा, नाक मुरडत घरी सांगायचा, आणि स्वयंपाकघरात कुणाच्या तरी कानावर पडायचा. शिव्या घालणाऱ्यांनीच जाहिरात पोचवली असणार.

त्याहून मोठी गोष्ट २१ वर्षांनी घडली. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली आणि सरकारने त्यावर मतं मागवली. फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ ला जे उत्तर दिलं त्यात या घराचा हिशेब आहे. तोवर ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. मुलांपैकी ५ जिवंत, ३० गेली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच झालेली इजा हे कारण त्यांनी नोंदवलं. पस्तीसपैकी तीस. दुसऱ्या कुणी हा आकडा झाकला असता. याच घरात जन्मलेल्या एका मुलाला फुले दाम्पत्याने दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रोगी तपासत होता. सावित्रीबाई त्याच प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना गेल्या.

हौदाला झाकण आहे

हे सगळं वाचायला घेण्याचं निमित्त अगदी घरगुती. माझ्या चुलत वहिनी परभणीत वसमत रोडला राहतात. दोन वर्षांपासून त्यांच्याकडे शेजारची दोन लेकरं दिवसभर असतात. एकाची आई जिल्हा परिषदेच्या शाळेवर मानवतकडे अपडाऊन करते, दुसऱ्याची आई दवाखान्यात नर्स आहे. आता वहिनींना सहा ते आठ मुलं घ्यायचीत. दिवाळीत गेलो तेव्हा म्हणाल्या, "भावजी, तुम्ही दिवसभर कंप्युटरवरच असता की. मला एक कागद करून द्या. मोबाईलवर बी धाडता आला पाहिजे अन् पेपरात बी टाकता आला पाहिजे. लई इंग्रजी नको."

मी टेम्प्लेट उघडले. सगळीकडे इंद्रधनुष्य, फुगे, गुलाबी गालांची परदेशी बाळं. मजकूर बघितला तर परभणीचा असो, पुण्याचा असो की नागपूरचा, शब्द तेच: घरासारखं वातावरण, आईची माया, सर्वांगीण विकास. आमच्या क्षेत्रात मजकूर ठरायच्या आधी डिझाइन तयार असतं आणि मग रिकाम्या चौकटींत काहीतरी ओतलं जातं. इथेही तेच झालेलं दिसत होतं.

वहिनींनी मात्र वहीत लिहून ठेवलं होतं. लाईट गेली तरी कूलर इन्व्हर्टरवर चालतो. हौदाला झाकण आहे. जिन्याला दार आहे, त्याला वरून कडी आहे. उन्हाळ्यात बारा ते चार लेकरू अंगणात सोडणार नाही. खायला मऊ वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी, बिस्किटाचा पुडा आणू नये. ताप आला तर आधी फोन, मग औषध. न्यायला रोजच्या माणसाशिवाय दुसरं कुणी आलं तर आईशी बोलल्याशिवाय लेकरू देणार नाही.

परभणीचा मे ज्यांनी काढलाय त्यांना पहिलं वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. पण मला सगळ्यात आवडलं ते हौदाचं. घरोघरी हौद असतो, नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं म्हणून तो भरलेला असतो, आणि रांगतं मूल पाण्याकडे जातंच. 'हौदाला झाकण आहे' या तीन शब्दांत आईची भीती ओळखलेली आहे. फुल्यांच्या कागदासारखीच. मला त्यांची आठवण झाली ती इथे, आणि मग मी मागे मागे वाचत गेलो.

झोळी, ताई आणि गोळी

परभणी जिल्ह्यात हा इतिहास सांगायचा तर गंगाखेडला जावं लागतं. जनाबाई मूळची गंगाखेडची. परंपरा सांगते की ती लहान असतानाच बापाने तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. त्या घरी ती वाढली, दळण-कांडण केलं, शेण-गोवऱ्या केल्या, आणि नामदेवाला अंगाखांद्यावर खेळवलं. नामदेवांचं मूळ गाव म्हणून जे नरसी सांगितलं जातं ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे, १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. म्हणजे एका परक्या घरात ठेवलेलं मूल मोठं होऊन त्या घरचं मूल सांभाळतं. तिला आपण संत म्हणून डोक्यावर घेतो ते बरोबरच आहे, पण या नात्याला त्या काळचा शब्द 'दासी' होता. पगार नाही, सुट्टी नाही, सोडून जायची मुभा नाही.

जनाबाई ज्या पंढरपुरात राबली तिथेच १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या न्यायखात्यातल्या गृहस्थांनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. नवरंगे बालकाश्रम या नावाने तो ओळखला जातो. वारीच्या गर्दीत सोडलेली मुलं हा तिथला खरा प्रश्न होता, आणि त्या गर्दीत आमच्याकडचीही माणसं असणारच.

बाकी सगळ्यांसाठी होती ती झोळी. बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू आत, आई कापसाच्या सरीत. आणि झोळीला झोका द्यायला सहा-सात वर्षांची मोठी बहीण. आपल्या ग्रामीण भागात शतकानुशतकं चाललेलं सगळ्यात मोठं पाळणाघर म्हणजे ही ताई. तिची शाळा बुडते, हा त्या व्यवस्थेचा खर्च. तो कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.

शहरात झाडही नव्हतं आणि ताईही सोबत नेता येत नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात हजारो बायका काम करत होत्या, त्यांतल्या कित्येक कोकणातून आणि घाटावरून आलेल्या. तान्ह्या मुलांचं काय करायचं? उत्तर होतं 'बाळागोळी'. अफू घातलेली छोटी गोळी. सकाळी दिली की मूल दिवसभर झोपून राहायचं. १९२२ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या अहवालात आलेला आकडा असा: कामगार स्त्रियांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जात होती.

हा आकडा वाचून त्या आयांवर रागावणं सोपं आहे. पण त्या मुलाला उपाशी, रडतं, दहा बाय दहाच्या खोलीत सोडून दहा तास साच्यावर उभं राहायचं होतं. गोळी हेच त्यांचं पाळणाघर होतं, आणि ते स्वस्त होतं.

पुढच्या काही वर्षांत या प्रश्नाला कायद्याचं तोंड फुटलं. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने बोलताना बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि तिचा भार मालकाने आणि सरकारने उचलायला हवा, अशी मांडणी केली. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आली, १९४८ च्या कायद्यात ५० हून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक झालं, १९७६ मध्ये तो आकडा ३० वर आणला. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायदा बदलला. २६ आठवड्यांची रजा आली, आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे, मग ते पुरुष असोत की बायका, पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा.

शेवटचा बदल मला मनापासून आवडतो. केवळ बायका मोजल्या की मालक बायकाच कमी ठेवतो. सगळे मोजले की मूल फक्त आईचं आहे हे गृहीत तरी हलतं. पण हा कायदा आमच्याकडे कुणाला लागू होतो? मानवत-सेलूच्या जिनिंगमधलं काम हंगामी. शेतातलं रोजंदारीचं. झेडपीच्या शाळेवर मॅडम दोन-तीन. दवाखाना वीस खाटांचा. आकडे मोजणारा कायदा त्यांच्यापाशी पोचायच्या आतच संपतो. तिथून पुढे वहिनींची हद्द सुरू होते.

अंगणात गेलेली शाळा

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त वेळ थांबवलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या, चांगली नोकरी. ती सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केलं. ते उत्तम चाललं, मध्यमवर्गीय पालक रांग लावत होते. त्यांनी तिथेच थांबायला कुणाची हरकत नव्हती.

पण १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. १८६३ चा तो कागद ज्या जातीतल्या आणि ज्या नशिबाच्या बायकांसाठी लावला होता, त्यातलीच एक मुलगी ८० वर्षांनी शिकून बालवाडी चालवायला उभी होती.

बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं येईनात. इथे कुणीही दुसरा असता तर त्याने पत्रकं वाटली असती, दवंडी पिटली असती, 'लोकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' असं म्हणून अहवाल लिहिला असता. या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. झाडाखाली, घरापुढच्या अंगणात. आधी आंघोळ, नखं काढणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीची परदेशी साधनं महाग, म्हणून शिंपले, बिया, खडे, बांबू. अंगणात भरते ती अंगणवाडी. हे नाव तिथलं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आदिवासी मुलांबरोबर नवीनच अडचण समोर आली, आणि ती मला ओळखीची वाटली: मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. तीच ती झोळीपाशी बसलेली ताई. ताराबाईंचं उत्तर होतं 'विकासवाडी'. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईने येताना बाळाला घेऊनच यायचं. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. मुलं गुरं राखायला जातात म्हणून अनुताईंनी कुरणशाळा काढली, गुरांमागे शाळा. मी कामात रोज 'युजर काय करतो ते आधी बघा' हे वाक्य ऐकतो, त्याची पोस्टरं भिंतीवर असतात. पोस्टर न लावता ते प्रत्यक्ष केलेलं मी पहिल्यांदा वाचलं ते इथे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिलं. बोर्डीच्या वस्तीतला शब्द देशभर गेला.

शब्द गेला, पण पाळणा मागे राहिला. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात, खाऊ मिळतो, वजन होतं. त्याहून लहान बाळाला घरी न्यायचा आहार. आईचा कामाचा दिवस मात्र आठ-नऊ तासांचा. ताराबाईंनी जोडलेले तीन तुकडे सरकारने वेगळे केले आणि त्यातला सगळ्यात अवघड तुकडा सोडून दिला. पुढे २००६ मध्ये राजीव गांधींच्या नावाने पाळणाघर योजना आली, तिचं नाव बदलत बदलत २०२२ मध्ये 'पाळणा' झालं आणि आता अंगणवाडीतच पाळणाघर जोडायचं ठरलंय. विकासवाडीकडे परत यायला पन्नास-साठ वर्षं लागली.

आणि हे काम करणाऱ्या बाईला सेविका म्हणायचं, तिच्या पैशाला पगार नाही तर मानधन. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, महिनाभराहून जास्त. पेन्शन, ग्रॅच्युइटी, मानधनवाढ या मागण्या. त्या दिवसांत माझ्या परिचयातल्या एका शहाण्या माणसाने विचारलं होतं, "पोरं सांभाळायचीत, त्याला एवढं काय?" हाच प्रश्न वहिनींच्या दारात रोज वेगळ्या शब्दांत येतो: "तुम्ही घरीच असता ना, मग दोन हजार कशाचे?"

दुष्काळ आणि कोयता

मराठवाड्यात १९७२ म्हटलं की दुष्काळ. परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच वर्षी, १८ मे १९७२ ला स्थापन झालं. पुढे त्याच विद्यापीठात गृहविज्ञानाचं महाविद्यालय आलं, तिथे बालविकास हा शिकायचा विषय झाला. पण त्याच काळात गावोगावच्या बायका शेंडी-वेणी आवरून खडी फोडायला जात होत्या. रस्ते, पाझर तलाव, बंडिंग. त्या कामांतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामावर सावली, पाणी आणि लहान मुलं सांभाळायची सोय असावी, ही कलमं त्यात होती. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यानेही तेच सांगितलं: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईला त्यांच्याकडे बघायचं काम द्यायचं आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची.

मला या कलमाचं फार कौतुक वाटतं. खडी फोडणं आणि लेकरं सांभाळणं यांची मजुरी एक, असं सरकारी कागदावर लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. कागदावरून ते जमिनीवर किती उतरतं हे कुठल्याही कामावर जाऊन पाहता येतं. मुलं मातीच्या ढिगावर असतात.

ऊसतोडीला तर हे कलमही नाही. दिवाळी सरली की गंगाखेड, पालम, सोनपेठकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. म्हणजे बाईची वेगळी मोजणी नाही, तर तिच्या मुलाची कुठून असणार? मोठी मुलं आजीजवळ गावात, नाहीतर साखरशाळेत, हंगामी वसतिगृहात. तान्ही मात्र फडातच. पहाटे चार वाजता थंडीत पाचटावर गोधडी टाकून त्यावर बाळ निजवायचं आणि तोडायला लागायचं. ट्रॅक्टर मागे घेताना चालकाला पाचटातलं मूल दिसलं नाही, अशा बातम्या जिल्हा पानावर दर दोन-तीन हंगामांनी येतात. चार ओळींच्या.

इमारतींच्या कामावरही हेच होतं. १९६९ मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी, दिल्लीत राजघाटाजवळच्या एका बांधकामावर मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाईल क्रेशेस' उभी राहिली, पुढे मुंबई-पुण्यातही तिचं काम आलं. काम सरकलं की पाळणाघर सरकायचं. अंगण जिथे जाईल तिथे. फडावर मात्र असा तंबू अजून अपवादानेच दिसतो, आणि कारखान्याच्या गाळपाचा आकडा रोज पेपरात येतो.

कागद

तर वहिनींचं पत्रक. आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी त्यावर घालवल्या. पहिला वाद नावावरून. शेजारच्या गल्लीत इंग्रजी नावाचं प्ले-ग्रुप आहे, तिथे अठरा महिन्यांच्या मुलांना टाय आहे. वहिनींच्या जावेचं म्हणणं, मराठी नावाला फी कमी मिळते. ते खरंही आहे. पण वहिनी 'पाळणाघर' या शब्दावर ठाम राहिल्या, आणि त्याखाली त्यांनी स्वतःच एक ओळ सांगितली: लेकरं सांभाळून मिळतील.

'आईची माया' मी घातली होती, त्यांनी काढली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "आई तिची तिला हाय की. मी आई व्हायला बसले तर ती माऊली नोकरीवर जाऊन रडंल." मला हे आधी सुचलं नव्हतं. 'आईसारखं' असं छापलं की ते वाचणाऱ्या आईला टोचतं, आणि तिचा अपराधभाव विकायला काढल्यासारखं होतं. बाजारातली बरीच पत्रकं नेमकी त्याच्यावर चालतात.

दुसरा विषय कॅमेरा. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरमधल्या एका पाळणाघरातलं चित्रण बाहेर आलं. सांभाळणारी बाई दहा महिन्यांच्या मुलीला मारताना त्यात दिसत होती. सगळ्या महाराष्ट्राने ते फोनवर पाहिलं. आज कुठलंही पत्रक उघडा, सीसीटीव्ही पहिल्या तीन ओळींत असतो. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, बसवा, पण माझी दोन खोल्यांची जागा आहे, सासूबाई तिथंच झोपतात, त्यांना पण बघायचं का लोकांनी? मग ठरलं ते असं: दार दिवसभर उघडं, आई-बापाने कधीही, न सांगता यावं. हे वाक्य ठळक केलं. कॅमेऱ्यापेक्षा हे अवघड आश्वासन आहे, कारण कॅमेरा भिंतीवर असतो आणि इथे वहिनींना दिवसभर तयार राहावं लागतं.

संख्या लिहायची का, यावर त्या अडल्या. मी आग्रह धरला. जास्तीत जास्त आठ मुलं, त्यात दोन वर्षांखालची तीनच. हे छापलं की नवव्याला नाही म्हणावं लागतं आणि वर्षाचे काही हजार सुटतात, हे त्यांनी लगेच बोटांवर मोजून दाखवलं. तरी छापलं. फीची ओळ मात्र त्यांनी कोरी ठेवायला लावली. समोरच्या कॉलनीत धुणंभांडी करणाऱ्या एका बाईने आधीच विचारून ठेवलंय, तिचं लेकरू दीड वर्षाचं आहे आणि ती सध्या त्याला कामाच्या घरांच्या पायरीवर बसवते. तिला आणि झेडपीच्या मॅडमना एकच आकडा सांगता येत नाही, आणि दोन आकडे छापता येत नाहीत.

सगळं झाल्यावर मी विचारलं, "वहिनी, तुम्ही आजारी पडलात तर?" आमच्याकडे सर्व्हर बंद पडला तर किती वेळात काय करायचं याचे करार असतात, म्हणून सुचलं असेल. पाहिलेल्या एकाही पत्रकात हे नव्हतं. सांभाळणारी बाई आजारी पडत नाही असंच सगळे धरून चालतात. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग आतून सासूबाईंना हाक मारली, गल्लीतल्या एका निवृत्त बालवाडीच्या बाईंना फोन लावला, त्यांच्याशी बोलल्या.

पत्रकातली शेवटची ओळ अशी आहे: 'माझी तब्येत बरी नसेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत फोन करीन. त्या दिवशी लेकरं शेजारच्या बाईंकडे राहतील, त्यांचं घर आधी येऊन बघून जावं.' पाचशे प्रती छापल्या, एकाच रंगात.